दहा दिवसांचा दाखला

नैरोबीला आमच्या वस्तीत राहणाऱ्या मराठी बायका हल्ली माझ्याकडे एका ठरावीक कामासाठी येतात. कोणाला बाळंतपणाला माहेरी जायचं असतं, कोणाला भावाच्या लग्नाला. नवऱ्याला रजा नसते, आगबोटीला फार दिवस लागतात, म्हणून मुलं घेऊन एकटीनंच विमानानं जायचं ठरतं. मग त्या विचारतात, "वहिनी, तुम्ही गेल्या होतात ना गेल्या साली? कागद काय काय लागतात हो?"

मी सांगते. पासपोर्ट, आणि त्यात मुलांची नावं चढवलेली हवीत. मुलांचे जन्माचे दाखले. नवऱ्याचं संमतिपत्र, मॅजिस्ट्रेटपुढे सही केलेलं. देवीची लस टोचल्याचा दाखला. इतकं सांगून मी थांबते आणि पीतज्वराच्या लसीचं शेवटी सांगते. ते सांगताना त्या बाईचा हात मी हातात धरून ठेवते, असं आमच्या शेजारणीचं म्हणणं आहे. मला ते कळतसुद्धा नाही.

निघताना

गोवा सुटल्यानंतरचा तो पहिला एप्रिल. एका रविवारी भाईची तार आली. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. तो मुंबईला एका कचेरीत असतो. तारेत तीनच शब्द होते: 'दादा अत्यवस्थ. ये.'

दादा म्हणजे आमचे वडील. मसुऱ्याच्या शाळेत त्यांनी उभा जन्म मास्तरकी केली. छातीचं दुखणं त्यांना होतंच. फाल्गुनापासून पायांवर सूज आल्याचं भाईनं मागच्या पत्रात कळवलं होतं. मी त्यांना आठ वर्षांत पाहिलेलं नव्हतं. लग्न होऊन आफ्रिकेत आले, शुभा झाली, नंदू झाला. दर वर्षी दिवाळीला जाऊ म्हणायचं आणि दर दिवाळीला काहीतरी आडवं यायचं.

यांना रेल्वेच्या हपिसातून रजा मिळेना. आगबोटीनं गेले असते तर दादा भेटतील याची खात्री नव्हती. "विमानानं जा," हे म्हणाले, "मी कागद करतो."

चार दिवसांत यांनी ते कागद केले. संमतिपत्र इंग्रजीत होतं. यांनी ते मला मराठीत करून सांगितलं: माझी पत्नी आमच्या दोन मुलांना घेऊन एकटी हिंदुस्थानात जात आहे, त्यास माझी पूर्ण संमती आहे. मला आधी हसू आलं. आमच्या मालवणला बंदरावर उतरलेल्या बाईला कोणी कागद विचारत नाही. "कोणाची गो तू?" एवढं विचारतात, आणि बापाचं नाव सांगितलं की डोक्यावरचं गाठोडं खाली उतरवून घेतात. आणि इथं माझ्याच मुलांना माझ्याच घरी न्यायला शिक्क्याचा कागद! पण हे सही करताना हसले नाहीत. म्हणाले, "एकटीनं मुलं घेऊन निघालेल्या माणसाला विचारतातच. पळवून नेतात लोक."

आता लसीचं. मागच्या दिवाळीला जायचं ठरलं होतं तेव्हा आम्ही सगळ्यांनी पीतज्वराची लस टोचून घेतली होती. नंदूला मात्र तेव्हा गोवर निघाला होता, म्हणून त्याची राहिली. मग ते जाणंच बारगळलं आणि आम्ही विसरलो. तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याला टोचून आणलं. लस टोचल्यापासून दहा दिवस झाल्याशिवाय तो दाखला लागू होत नाही, हे लसींच्या नोंदीच्या पिवळ्या पुस्तकात बारीक अक्षरांत छापलेलं होतं. यांनी तिकीट काढताना विचारलं. तिथला मनुष्य म्हणाला, "तीन वर्षांचं मूल आहे, कोण बघतंय?"

मीही पुढे विचारलं नाही. मला ऐकायचं होतं तेच तो बोलला होता.

वरून

गुरुवारी दुपारी विमान निघालं. शुभा सात वर्षांची, तिला खिडकीपाशी बसवलं. नंदू माझ्या मांडीवर. विमान उचललं तसं त्यानं कान धरून भोकाड पसरलं. पुढच्या बाकावरच्या मडमेनं मागे वळून त्याला एक गोळी दिली आणि चोखायला सांगितली. मी त्या बाईकडे नंतर कितीदा तरी बघितलं. तिचीही दोन मुलं होती आणि तीही एकटीच होती. तिनंही मांडीवर कागदांचं पाकीट घट्ट धरलं होतं.

एडनला उतरवलं तेव्हा इतकं उकडत होतं की शुभा म्हणाली, "आई, इथं कोणी चूल पेटवून ठेवली आहे का?" तिथं आम्हाला लिंबाचं सरबत दिलं. नंदूनं ते नेमकं माझ्या पाकिटावर सांडलं. संमतिपत्राची शाई एका बाजूनं पसरली. मी घाबरून तो कागद पंख्याखाली धरून वाळवला. यांची सही तेवढी बचावली होती. सहीकडे बघून मला एकदम रडू आलं. पुढे घर दिसत नव्हतं, मागचं घर तर सुटलंच होतं.

गंमत अशी की तो कागद पुढे मुंबईत कोणी बघितलासुद्धा नाही.

सांताक्रूझ

सकाळी विमान उतरलं. दार उघडलं आणि दमट, ओल्या मातीची, थोडी माशांची अशी हवा आत आली. आठ वर्षांनी ती हवा घेतली. शुभाला म्हटलं, "बघ, हा आपला वास." ती म्हणाली, "घाण येतेय." मी तिला रागावले नाही. तिचा तो वास नव्हताच.

आरोग्य खात्याचे डॉक्टर पन्नाशीचे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. माझं पुस्तक बघितलं, शुभाचं बघितलं. नंदूच्या पुस्तकावर त्यांचं बोट थांबलं. ते बोट मग हळूहळू दुसऱ्या हाताच्या पेरांवरून फिरलं.

"लस सोमवारची आहे," ते म्हणाले.

"हो."

"आज शुक्रवार. म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत याला बाहेर सोडता येणार नाही."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी त्यांना दादांचं सांगितलं. तार दाखवली. घर कोकणात आहे, बोटीनं एक दिवस, पुढे मोटार, हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मध्ये तोडलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "तो ताप पसरवणारा डास आपल्याकडे आहे. ताप तेवढा नाही. तो एकदा आत आला तर तुमच्या गावापर्यंतसुद्धा जाईल. मला तुमचं दुःख कळतं. पण मी सही करू शकत नाही."

मग म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता. मुलगी जाऊ शकते. मुलाला इथंच राहावं लागेल, विमानतळाजवळच आमचं ठाणं आहे. नर्सा आहेत."

"तीन वर्षांचं मूल? आईशिवाय?"

त्यांनी खाली बघितलं. "इतकं लहान एकटं राहिलेलं नाही अजून."

भाई कठड्यापलीकडे उभा होता. आठ वर्षांत त्याचं कपाळ मोठं झालं होतं. मला बघून त्यानं हात वर केला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तो तसाच धरून ठेवला. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "तू जा. उद्या सकाळची बोट आहे. मी थांबतो नंदूजवळ." पण बाहेरच्या माणसाला आत राहायची परवानगी नव्हती. जाळीच्या बाहेरून बघायचं, एवढंच.

"दादा कसे आहेत?" मी विचारलं.

"तुझी वाट बघतायत," भाई म्हणाला. "मी गावाहून निघालो तेव्हा म्हणाले, आज ती कुठवर आली असेल?"

मी तिथल्या बाकावर बसले. नंदू माझ्या पदराशी खेळत होता. मी मनात एकदा गेले. बोटीत बसले, मालवणला उतरले, मसुऱ्याला पोचले, दादांच्या खाटेशी बसले. आणि मग जाळीला तोंड लावून उभा असलेला नंदू दिसला. तिथून परत आले. पुन्हा गेले. पुन्हा परत आले. किती वेळ झाला कोण जाणे.

शेवटी भाईच म्हणाला, "शुभाला नेऊ?"

शुभा त्याला तेव्हा पहिल्यांदाच बघत होती. तिनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग मला विचारलं, "आजोबांकडे?"

"हो."

"मग जाते."

इतकं सोपं होतं तिला ते. पण डॉक्टर म्हणाले, मुलीचं नाव तुमच्या पासपोर्टात आहे, आणि पासपोर्ट तुमच्याजवळ राहणार; तेव्हा मामाच्या हाती एक पत्र द्या, मी त्यावर सही करतो. म्हणजे यांनी मला जे लिहून दिलं तेच मी आता भाईला लिहून द्यायचं होतं. मराठीत लिहिलं. अर्ज कसा लिहावा हे मला दादांनीच शिकवलेलं होतं: मजकूर थोडका, कारण स्पष्ट. 'माझी मुलगी शुभा, वय सात, हिला तिच्या आजोबांच्या भेटीसाठी तिच्या मामाबरोबर पाठवीत आहे.' कारणापर्यंत आले आणि पेन अडलं. मला स्वतःला का जाता येत नाही, हे त्या वाक्यात बसेना. शेवटी ते लिहिलंच नाही.

दारापर्यंत जाऊन शुभा परत पळत आली. मला वाटलं रडेल. तिनं विचारलं, "आजोबांना काय सांगू?"

आठ वर्षांचं सांगायचं होतं. मी म्हटलं, "सांग, आई गुरुवारी निघते."

जाळीच्या आत

ठाण्याच्या सगळ्या खिडक्या-दारांना बारीक तारेची जाळी होती. एक दार उघडून आत शिरायचं, ते लावून घ्यायचं, मगच दुसरं उघडायचं. नंदूला पहिल्या दिवशी हा खेळ फार आवडला. दुसऱ्या दिवशी तो जाळीला बोट लावून म्हणाला, "आई, आपण काय केलं?"

सकाळ-संध्याकाळ नर्स येऊन त्याचा ताप बघायची. ताप कधीच नव्हता. तो खायचा, धावायचा, हसायचा. असा टणटणीत मुलगा समोर बघून मला त्याचा राग यायचा आणि मग त्या रागाची लाज वाटायची. मी त्याला उगीचच जवळ घ्यायचे.

आमच्याबरोबर मोंबासाचे एक कच्छी काका होते. त्यांच्या पुस्तकावर डॉक्टरचा शिक्का राहून गेला होता. ते दिवसभर माळ ओढायचे आणि नंदूला शेंगदाणे सोलून द्यायचे. मला म्हणाले, "बेटी, आगबोट से आते तो दस दिन पानी में जाते ना? समझो, अभी पानी में है." त्यांच्या समजुतीनं मला खरंच थोडं बरं वाटलं. पण पाण्यात असते तर निदान बोट पुढे सरकत असते.

तिथं केरवारे करायला एक शेवंताबाई यायची. शनिवारी ती फरशी पुसत होती आणि मी नंदूला ओरडले, "अरे, थंय जाव नको!" इतकी वर्षं तोंडात नव्हतं ते आपोआप आलं. शेवंताबाईनं फडकं खाली ठेवलं.

"तू खंयची गो?"

"मसुऱ्याची."

"मी मिठबावची!" ती जाळीचं दार विसरून माझ्याकडे आली. "आणि हय काय करतंस?"

मी सांगितलं. सांगताना जे इतके दिवस आवरलं होतं ते आवरेना. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. ओला हात पदराला पुसून तिनं माझ्या पाठीवर ठेवला.

"रडतंस कित्याक? सा दिवस काय गो, हां हां म्हणता जातले."

"तवसर दादा ऱवतले?" मी विचारलं.

तिनं खोटं उत्तर दिलं नाही. "ता देवाक ठावक," म्हणाली. "पण झीलाक टाकून गेलं असतंस तर बापाशीच्या खाटेकडे बसान झीलाचीच काळजी केली असतंस. माका ठावक आसा." तिनं पुढे सांगितलं ते इथं लिहीत नाही, तिचं तान्हं गावी होतं आणि ती मुंबईत होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यातून तळलेला सुका बांगडा आणि उकड्या तांदळाची पेज आणली. ठाण्यातल्या पाव-डाळीवर नंदूचं तोंड वाकडं झालं होतं. त्यानं बांगड्याला कधी तोंड लावलं नव्हतं. नैरोबीत मिळतो कुठं? मी त्याला काटे काढून भरवला. "खारा आहे," म्हणाला, आणि पुन्हा आ केला.

सोमवारी भाईची तार त्याच्या बायकोनं, माझ्या वहिनीनं, जाळीपाशी आणून दिली. 'पोचलो. दादांनी शुभाला ओळखलं.' मी ती तार दिवसभर पोलक्यात ठेवली. ओळखलं म्हणजे काय? त्यांनी तर तिला कधी पाहिलेलंच नव्हतं. नाकावरून ओळखलं असेल, चालण्यावरून ओळखलं असेल. मी एकेक कारण काढून बघत बसले.

मंगळवारी कोणी आलं नाही.

बुधवारी वहिनी आली. ती जाळीपलीकडे उभी राहून नंदूशीच बोलत होती. तू जेवलास का, तुझा शर्ट किती छान आहे, आंबे आता येतील बाजारात. माझ्याकडे ती बघत नव्हती. तिच्या केसांत रोजची वेणी नव्हती. मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं. तिनं सांगितलं असतं तर मला जाळीच्या आत ते घेऊन एक दिवस काढावा लागला असता. आम्ही दोघी आंब्यांबद्दल बोललो. ती गेल्यावर मी नंदूची अंघोळ पुन्हा एकदा घातली.

गुरुवारी त्याच डॉक्टरांनी नंदूच्या पुस्तकावर सही केली. दोन्ही दारं एकामागून एक उघडली. शेवंताबाई कोपऱ्यात उभी होती. म्हणाली, "मिठबाव दिसलां की हात जोड."

बोटीवर

शुक्रवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोट निघाली. चैत्रातलं पाणी शांत होतं. डेकवर लोकांनी सतरंज्या टाकल्या, डबे उघडले, आणि चहूकडून मालवणी बोलणं सुरू झालं. खंय, कित्याक, इलो, गेलो. माझ्या कानांना ते किती दिवसांनी मिळत होतं! एरवी मी त्यात शिरले असते, चार ओळखी काढल्या असत्या. पण त्या दिवशी मी नंदूला कुशीत घेऊन एका बाजूला बसून राहिले आणि नुसती ऐकत होते.

शनिवारी सकाळी देवगडला काही मंडळी चढली. डोंगराच्या पोटाशी माडांची गर्द रांग होती. मिठबाव त्यापुढेच कुठेतरी. मी हात जोडले. माझ्या शेजारी नुकतीच येऊन बसलेली एक म्हातारीशी बाई ते बघत होती. तिच्याजवळ काजूच्या बोंडांची टोपली होती. तिनं न विचारता नंदूच्या हातात एक लाल बोंड दिलं.

"कोणाची गो तू?"

"मसुऱ्याच्या मास्तरांची."

तिचा चेहरा एकदम फुलला. "मास्तरांची? माझो मोठो झील तेंच्याचकडे शिकलो. मार खाल्ल्यान, पण शिकलो." आणि मग नंदूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "मास्तर बरे होते गो."

मी म्हटलं, "होते?"

तिनं हात तोंडावर नेला. "तुका ठावक नाय?"

ठाऊक होतं. बुधवारपासून ठाऊक होतं. तरी त्या एका 'होते'पर्यंत दादा माझ्यासाठी खाटेवर बसलेले होते, आज ती कुठवर आली असेल असं विचारत होते. बोट चालली होती. किनाराही चालला होता, तोच तो काळा कातळ आणि मधूनच पांढरी वाळू. आता घाई नव्हती. बोट कितीही हळू गेली असती तरी चाललं असतं.

ती बाई मालवणपर्यंत माझा हात धरून बसली. नंदूनं बोंडाचा रस अंगभर माखून घेतला.

मालवण, मग मसुरे

मालवणला बोट बाहेरच उभी राहते. तिथून पडावात उतरायचं, आणि पडाव किनाऱ्याला नेतो. किल्ला डाव्या हाताला होता तिथंच होता. वाळूवर भाई उभा होता, डोईवर टोपी, टोपीखाली केस नव्हते. त्याच्या शेजारी शुभा. अनवाणी, परकर वर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत ओले. मला बघताच ती पाण्यात धावत आली आणि ओरडली, "आई, इलंस?"

सहा दिवसांत माझी मुलगी मालवणी झाली होती. मी हसले आणि हसता हसता तिथंच वाळूत बसले.

मसुऱ्याला आम्ही दुपारी पोचलो. माझ्या आईला आम्ही आये म्हणतो. ती पडवीत बसली होती, कपाळ मोकळं. तिनं मला जवळ घेतलं नाही, नंदूला घेतलं. बराच वेळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "ह्या पोरापायी?" मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. पण पुढच्याच घटकेला तिनं त्याला छातीशी धरलं आणि त्याच्या केसांत तोंड घालून रडली. नंतर महिनाभर तिनं त्याला खाली ठेवलं नाही.

दादा मंगळवारी दुपारी गेले होते. रविवार संध्याकाळ, सोमवार, आणि मंगळवारची सकाळ, एवढे ते शुभाला मिळाले. मला एक तासही मिळाला नाही. आई असून मी माझ्या मुलीचा हेवा केला, हे लिहायला मला संकोच वाटतो, पण ते खरं आहे.

दिवसकार्य झालं. माणसं पांगली. मग मी शुभाला विचारू लागले. पण सात वर्षांच्या मुलीला विचारून काही मिळत नाही. "आजोबा काय म्हणाले?" म्हटलं की ती म्हणायची, "काही नाही." आणि मग भलत्याच वेळी, पेज खाताना, नाहीतर शेताच्या मेरेवरून चालताना, एखादं बोलणं तिच्या तोंडून बाहेर पडायचं.

"आजोबांनी विचारलं, विमानाची खिडकी उघडता येते का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग काय उपयोग!"

दुसऱ्या एका दिवशी: "आजोबांना माझा ळ आवडला नाही." तेव्हा माझ्या लक्षात आलं. नैरोबीत तिच्या तोंडात ळ नव्हताच. ती केलं खायची आणि फल्यावर लिहायची. मी कंटाळून सोडून दिलं होतं. दादांनी सोमवारी दिवसभर तिला खाटेशी बसवून घोकून घेतलं होतं. जीभ मागे ने, वर लाव, आता सोड. केळं, फळा, कळशी, आभाळ. दम लागायचा तेव्हा थांबायचे आणि नुसतं बोट हलवून 'पुन्हा' म्हणायचे. आयेनं मला सांगितलं, "मी म्हटलंय, आता तरी शाळा सोडा. ऐकतीत तर ना!"

अशी मी वेचत राहिले. एकेका आठवड्याला एखादं वाक्य. ते लगेच मनात घोळवायचं, हरवू द्यायचं नाही. एक गोष्ट मात्र मी विचारली नाही. ती विचारायचं धाडस महिनाभर झालं नाही.

मे अर्धा झाला. पाऊस लागला की बोटी बंद होतात, म्हणून निघावंच लागलं. आयेनं आमसुलं बांधून दिली, कुळथाचं पीठ दिलं. मालवणच्या किनाऱ्यावरून पडाव सुटला. आये आणि भाई वाळूवर लहान लहान होत गेले. शुभा माझ्या शेजारी बसून हात पाण्यात सोडत होती. आता नाही विचारलं तर ती नैरोबीला जाईल, शाळा सुरू होईल, आणि विसरून जाईल.

मी म्हटलं, "शुभा, आजोबांनी माझं काही विचारलं होतं का गं?"

"विचारलं ना," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

"काय?"

तिनं पाण्यातला हात बाहेर काढला. दादांची नक्कल करताना ती मान जरा तिरकी करते, तशी केली. "'आवस खंय ऱवली?' असं विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, नंदूला दाराबाहेर सोडत नाहीत, तो लहान आहे, म्हणून ती त्याच्याजवळ राहिली."

"आणि ते?"

"ते म्हणाले, 'बरा केल्यान.' आणि चहा मागितला."

पडाव बोटीला लागत होता. वरून दोर टाकला, माणसं उठून उभी राहिली. मी तिला म्हटलं, "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. मान तिरकी करून, पहिल्यापासून, चहासकट.